ऑस्ट्रियाची स्की आणि रत्नागिरीचा संशय

रत्नागिरीत बर्फ असतो तो मिरकरवाडा बंदरात, आणि तोही सुरमईच्या अंगावर. थंडी म्हणाल तर जानेवारीत पहाटे एक चादर जास्त लागते, आणि तिचं कौतुकही माणसाला ऊब मिळते म्हणून नव्हे, आंब्याला मोहर धरतो म्हणून. अशा गावात बसून ऑस्ट्रियातल्या कुणा कमी नावाजलेल्या कारखानदाराची स्की कशी शोधावी, यावर कुणी लिहायला घेतलं तर घरचेसुद्धा आधी कपाळाला हात लावून ताप बघतील. तरीही माझं म्हणणं असं आहे की या कामाला रत्नागिरीकराइतका तयार माणूस आल्प्सच्या पायथ्याशीसुद्धा सहजी मिळायचा नाही. घसरायचं कसं हे त्याला ठाऊक नसेल. (पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरणारा माणूस अगदीच अननुभवी म्हणता येणार नाही, पण ते सोडा.) निवडायचं कसं हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. कारण पेटीवर छापलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, हे शिक्षण त्याला लहानपणापासून दर उन्हाळ्यात फुकट मिळालेलं असतं, आणि स्कीच्या धंद्यात नेमकं तेच लागतं.

पहिला आक्षेप अर्थातच असा की आपला आणि स्कीचा संबंध काय. संबंध आहे, फक्त तो जरा तिरका आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावाने पहिल्यांदा कुणी उतरलं ते १९६४ साली, आणि तेही ऑस्ट्रियातल्याच इन्सब्रुकला. त्या गृहस्थांचं नाव जेरेमी बुजाकोव्स्की, म्हणजे नावात भारत फारसा नव्हता, आणि उताराची शर्यत त्यांना पुरी करता आली नाही. पुढे २०२२ साली बीजिंगला काश्मीरचा आरिफ खान एकटाच भारताकडून गेला आणि जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला. हे झालं खेळाडूंचं. सामान्य मराठी माणूस सहलीच्या बसमधून गुलमर्गला जातो, भाड्याचा लांब कोट आणि भाड्याचे बूट चढवतो, पायांत दोन फळ्या अडकवून फोटो काढतो आणि परत येतो. आणि ज्यांची मुलं किंवा भाचे म्युनिकला नोकरीला आहेत त्यांच्या घरी तर हा विषय दर हिवाळ्यात फोनवर असतोच, कारण म्युनिकहून ऑस्ट्रियाची हद्द गाडीने तासा-दीड तासावर, आणि तिकडच्या शाळेतली पोरं बर्फात जातात म्हटल्यावर आपल्या पोराला घरी कसं बसवणार? तेव्हा गिऱ्हाईक आहे. प्रश्न फक्त मालाचा.

आता ‘कमी नावाजलेला’ म्हणजे कुणाच्या मानाने, हे आधी ठरवलं पाहिजे. रत्नागिरीच्या मानाने पाहिलं तर सगळेच कमी नावाजलेले. ॲटॉमिक ही ऑस्ट्रियातली, किंबहुना जगातलीच, एक सगळ्यात मोठी स्की-कंपनी. पण आमच्या जिल्ह्यात ते नाव घेतलं की लोकांना जैतापूरचा अणुप्रकल्प आठवतो, आणि ती पाटी लावून कुणी दुकान उघडलं तर पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांच्या आधी मोर्चा येईल. फिशर म्हटलं की बंदरावरचा कुणीतरी मागे वळून बघेल. गंमत अशी की या मोठ्या मंडळींचं मूळही फार मोठं नाही. फिशर सुरू झाली १९२४ साली रीड नावाच्या गावात, आणि तिचा मालक योसेफ फिशर हा गाड्या बनवणारा सुतार. ॲटॉमिक १९५५ साली आलोइस रोरमोझरने काढली. तोही धंद्याने गाड्यांचाच सुतार. म्हणजे ज्याला आज आपण नावाजलेला म्हणतो तो काही पिढ्यांमागे गावातला सुतार होता आणि आसपासच्या चार खेड्यांपलीकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तेव्हा ‘नाव ऐकलं नाही’ ही मालाबद्दलची तक्रार होऊ शकत नाही. ती फार तर आपल्या कानांबद्दलची तक्रार झाली.

खरा घोळ याच्या पुढे आहे, आणि इथेच रत्नागिरीकराचे डोळे चमकायला हवेत. स्कीच्या वरच्या पत्र्यावर जे नाव असतं, ते नाव आणि ज्या कारखान्यात ती बनली तो कारखाना, यांची गाठ असतेच असं नाही. सालोमन फ्रेंच, पण तिच्या कितीतरी स्की बनतात ऑस्ट्रियात, ॲटॉमिकच्या आल्टेनमार्क्टच्या कारखान्यात. नॉर्डिका इटलीची, तिच्या स्की बनतात मिटरझिलला, ऑस्ट्रियाच्या ब्लिझार्डकडे. आणि ब्लिझार्डचे मालक २००६ पासून पुन्हा इटलीचे. हेड ही कंपनी काढली हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान-अभियंत्याने, आज ती ऑस्ट्रियाच्या केनेलबाखची मानली जाते आणि तिचा मोठा कारखाना चेक देशात आहे. अस्सल ऑस्ट्रियन फिशरच्या लाखो स्की युक्रेनमधल्या मुकाचेव्होला बनत आल्या. २०२० साली तिथे मोठी आग लागली तेव्हा अनेकांना हा पत्ता पहिल्यांदा कळला. ॲटॉमिक आणि सालोमन ज्या समूहात आहेत तो फिनलंडचा ॲमर, आणि २०१९ पासून त्याच्या मागे चीनच्या अँटा कंपनीचा पैसा. केस्टले हे १९२४ पासूनचं जुनं, मानाचं नाव. ते हातोहात फिरत इटलीच्या बेनेटनकडे गेलं, तिथे विझलं, आणि २००७ च्या सुमारास नव्या मालकांनी पुन्हा पेटवलं. एवढ्या उलाढाली ऐकून कुणाही भोळ्या गिऱ्हाइकाला घाम फुटेल. रत्नागिरीकराला फुटत नाही. त्याला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.

वाशीच्या बाजारात ‘रत्नागिरी हापूस’ असं ठसठशीत छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा निघतो, ही तक्रार इतकी जुनी आहे की तिलाही आता मोहर येत असेल. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्याने हापूस म्हणवून घ्यावं असं ठरलं. कागदावर ठरलं. पण त्याआधीही आणि त्यानंतरही रत्नागिरीतल्या माणसाने आंबा घेताना पेटीवरची छपाई कधी वाचलेली नाही. तो विचारतो, कुठल्या बागेतला? कलमं कातळावरची की खाडीकाठची? तोड कधीची? आढी कुणी लावली? आणि एवढं विचारून झाल्यावरही एक फळ कापून बघतो, कारण हापूसला साका नावाचा रोग असतो. वरून फळ चित्रासारखं, रंग, वास, देठ सगळं यथास्थित, आणि आत पांढरा भुसभुशीत गर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलमच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ काढली ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. तिला साका होत नाही. पण लोक अजून हापूसच मागतात, म्हणजे नावाची भूल रत्नागिरीतही अगदीच नाही असं नाही. एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. स्कीवाले हा प्रकार लपवून करत नाहीत, दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेणं हा त्यांच्याकडे राजरोस व्यवहार आहे. गिऱ्हाईकच विचारत नाही, एवढंच.

तर विचारायचं काय? आधी आतलं. चांगल्या स्कीच्या पोटात लाकूड असतं: बीच, ॲश, पॉप्लर, हलकी हवी असेल तर पाउलोनिया. त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर, कडेला पोलादाची धार, खाली पॉलिएथिलीनचा तळ, आणि महागड्या स्कीत टायटॅनलचा पत्रा. या टायटॅनलबद्दल विक्रेते असे काही हळू आवाजात बोलतात की गिऱ्हाइकाला अग्निबाण आठवावा. वस्तुतः तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, जस्त, मॅग्नेशियम, तांबं घालून केलेला. टायटॅनियमचा त्यात असून नसून सारखा अंश. आणि तो येतो बहुतेकांकडे एकाच ठिकाणाहून, ऑस्ट्रियातल्याच रान्सहोफेनच्या कारखान्यातून. आता बघा. लाकूड बाजारात सगळ्यांना मिळतं, पत्रा मोठ्या कंपनीला आणि आडगावच्या कारखानदाराला एकच माणूस पुरवतो, तळाचं प्लास्टिक आणि कडेचं पोलाद पुरवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग आडगावचा कारखानदार हरतो कुठे? मालमसाल्यात हरत नाही. हरला तर हातकामात हरेल: थर नीट चिकटले नाहीत, दाबयंत्रातून लवकर काढली, दोन फळ्यांची लवचीकता सारखी जुळवली नाही. म्हणजे साकाच. आणि हे दुकानातल्या उजेडात वरचा पत्रा न्याहाळून कळत नाही.

थोडंसं कळतं, ते सांगून टाकतो. जोडी तळाला तळ लावून धरावी आणि दोन्ही फळ्या टोकापासून शेपटीपर्यंत सारख्या मिळतात का बघावं. तळावर हात फिरवून कडा त्याच्याशी सपाट आहेत का बघावं. शेपटीजवळ बारीक अक्षरांत तीन आकडे छापलेले असतात, टोकाची, कमरेची आणि शेपटीची रुंदी, आणि शेजारी वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. स्कीवरची सगळ्यात खरी छपाई तेवढीच, आणि तीच कुणी वाचत नाही. कमर ८० मिलिमीटरच्या आत असेल तर ती दाबून सपाट केलेल्या उतारासाठी, शंभराच्या पुढे गेली की भुसभुशीत ताज्या बर्फासाठी. उभी केली की नवशिक्याच्या हनुवटीपर्यंत यावी, सरावलेल्याच्या कपाळापर्यंत. रत्नागिरीकराला अंगठ्याने दाबून बघायची सवय असते आणि फळवाले त्यावर खेकसतात. स्कीच्या दुकानात मात्र फळी वाकवून बघणाऱ्याकडे आदराने पाहिलं जातं. वाकवून फारसं काही कळत नाही ही गोष्ट वेगळी.

इथे कुणीतरी म्हणेल की एवढी चिकित्सा कशाला, विश्वविजेते जी वापरतात ती घ्यावी. हा आक्षेप ऐकायला बिनतोड आहे आणि आतून पोकळ. विश्वचषकाच्या जायंट स्लालममध्ये पुरुषांच्या स्कीची त्रिज्या नियमाने किमान ३० मीटर असावी लागते. दुकानात त्याच रंगाची, त्याच नावाची जी स्की मिळते तिची त्रिज्या साधारण १५ ते १८. विजेत्याची स्की कंपनीच्या शर्यत-विभागात वेगळी बनते, तिच्यामागे तिला मेण लावणारा स्वतंत्र माणूस असतो, आणि आपल्या वाट्याला तिचा फक्त रंग येतो. शिवाय विजेत्यांचं स्वतःचं मत बघायचं असेल तर मार्सेल हिर्शर बघा. या ऑस्ट्रियन गड्याने २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षं विश्वचषकाचं एकूण विजेतेपद जिंकलं, तेही ॲटॉमिकच्या स्कीवर; आणि निवृत्त झाल्यावर २०२१ साली स्वतःची कंपनी काढली, व्हान डीअर. दोनच वर्षांत नॉर्वेचा हेन्रिक क्रिस्टोफरसन त्या नव्या नावाच्या स्कीवर स्लालमचा जगज्जेता झाला. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा सगळ्यात समाधानी गिऱ्हाईक उठून स्वतःचं दुकान थाटतो, याचा अर्थ नवं नाव म्हणजे हलका माल असा तर निघत नाही.

पण याच्या उलट टोकाला जाऊ नये, आणि रत्नागिरीकर जाण्याची शक्यता दाट आहे. लहान कारखानदार म्हटला की तो सज्जन, हाताने काम करणारा, पैशाला न भुलणारा, असं एक चित्र आपण स्वतःच रंगवतो. हिर्शरच्या मागे रेड बुलचा पैसा आहे, डोंगरातल्या झोपडीचा नाही. आणि हाताने बनवलेली म्हणजे चांगली असं असतं तर हाताने बनवलेला साकाही चांगलाच म्हणावा लागेल. आपल्याकडेही पेटीवरच्या छपाईवर संशय घेणारा माणूस ‘आमच्या पावसच्या आंब्याची सर कुणाला नाही’ हे वाक्य मात्र बिनपुराव्याने बोलतो, आणि शेजारी देवगडचा कुणी असेल तर दुपार फुकट जाते. संशय घ्यायचा तर दोन्हीकडे घ्यावा. आडगावच्या कारखानदाराला सरळ विचारावं की बाबा, दाबयंत्र तुझं स्वतःचं की दुसऱ्याकडून करून घेतोस? दोन वर्षांनी थर सुटले तर जोडीतली एक फळी बदलून देशील की जोडीच? मोठ्या कंपनीची हमी युरोपभर चालते, लहानाची त्याच्या दारापर्यंत. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, तो खरा आहे. माझं उत्तर इतकंच की रत्नागिरीत राहणाऱ्याला आल्टेनमार्क्टची हमी आणि आडगावची हमी सारखीच लांब पडते.

त्याहून भक्कम आक्षेप भाड्याचा. वर्षातून आठवडाभर गुलमर्गला जाणाऱ्याने स्की विकत घ्यावीच कशाला? घेऊ नये. ऑस्ट्रिया-जर्मनीतसुद्धा पोरांच्या स्की अख्ख्या हंगामासाठी भाड्याने मिळतात, कारण पोरं वाढतात आणि फळ्या वाढत नाहीत. पैसे खर्च करायचेच तर ते बुटांवर करावेत. पाय बुटात हलला की खाली कुठल्याही नावाची स्की असो, ती आपलं ऐकत नाही. पण भाड्याच्या दुकानातही निवड टळत नाही. समोर पाचपन्नास जोड्या, वेगवेगळ्या नावांच्या, आणि माणूस हमखास लाल-काळी, नाव ऐकलेली जोडी उचलतो. शेजारची करडी, अनोळखी, नुकतीच धार लावलेली तशीच राहते. तिथेही शेपटीजवळचे आकडे वाचावेत आणि कडेवरून नखाचा कोपरा ओढून धार आहे का बघावं. मग दुकानदार बुटाची पकड किती घट्ट ठेवायची ते ठरवण्यासाठी वजन, उंची, वय विचारतो, बुटाचा तळवा मोजतो आणि शेवटी विचारतो की तुम्ही जपून उतरणारे की बेधडक. जगभरची माणसं इथे स्वतःला एक पायरी वर सांगतात, मग पकड घट्ट बसते, पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा जातो. आंब्याचा बागायतदार मात्र आयुष्यभर ‘यंदा काही खरं नाही हो, पंचवीस टक्केसुद्धा पीक नाही’ असंच सांगत आलेला असतो. तो सवयीने स्वतःला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवतो, पकड सैल बसते आणि गुडघा शाबूत राहतो.

एवढं सगळं पटूनही ज्याला विकतच घ्यायची आहे, त्याने रत्नागिरीचं हवामान हिशेबात धरावं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. खिडकीचे गज जिथे दोन पावसाळ्यांत पोपडे टाकतात तिथे स्कीच्या पोलादी कडा काय टिकणार? तिकडचे जाणते हंगाम संपला की तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर ओततात आणि तो न खरवडता तसाच ठेवतात. इथे तो दुप्पट ओतावा आणि जोडी कोरड्या माळ्यावर आडवी ठेवावी, भिंतीला टेकवून नव्हे. कोकणकन्येतून पावणेदोन मीटरची पिशवी आणायची ती गणपतीचे दिवस टाळून आणावी.

राहता राहिली किंमत. स्कीचं नवं वर्ष म्हणजे बहुतेक वेळा नवा रंग. आतली फळी तीन-तीन वर्षं तीच असते. म्हणून शहाणा माणूस मागल्या रंगाची जोडी हंगाम सरताना घेतो, दुकानं रिकामी करायच्या घाईत असतात तेव्हा. ती वेळ मार्च-एप्रिलची. नेमक्या याच दिवसांत रत्नागिरीत तोड चालू असते, पेट्या भरायच्या असतात, दलालाचे फोन येत असतात, आणि घरातला एकही धडधाकट माणूस गावाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. म्हणजे ज्याला निवडता येतं त्याला जाता येत नाही. मग म्युनिकच्या भाच्याला फोन करावा, मिटरझिलच्या आसपास कुणाचं लहानसं दुकान दिसतंय का बघ म्हणून सांगावं, आणि कारखाना कुठला हे दोनदा विचारायला लावावं. भाचा बिचारा विचारेल, आणेलही. मे महिन्यात येईल तेव्हा सोबत जोडी असेल आणि जाताना तो हक्काने पेटी मागेल. तिथे अडचण आहे. युरोपीय संघाने २०१४ साली फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा काही महिने अडवला होता. ती बंदी उठली, पण २०१९ च्या डिसेंबरपासून प्रवाशाच्या सामानातून फळ न्यायचं तर फळाच्या मूळ देशाचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. दाखल्याशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तेव्हा भाच्याला आंबा इथेच पोटभर खाऊ घालावा, आणि निघताना त्याच्या पिशवीत दोन सोललेले नारळ टाकावेत.